एलजीबीटी लोकांचं आरोग्य : प्रश्नावली तयार करतेय, तुमचे अनुभव आणि सूचना हव्या आहेत (पुणे)

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमातच (म्हणजे नुसती वाचत) असते, आज काम आहे म्हणून लिहितेय. मी पुण्यात समाजकार्य शिकवते. एमएसडब्ल्यूच्या मुलांना व्यक्तिसहाय्यकार्य आणि संशोधन पद्धती शिकवायच्या, उरलेल्या वेळात त्यांच्या क्षेत्रकार्यामागे शहरभर फिरायचं. माझा स्वतःचा संशोधनाचा विषय आहे समलिंगी, उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोन्ही आवडणाऱ्या) आणि ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) व्यक्तींचं आरोग्य. सध्या एक नवी प्रश्नावली तयार होतेय. ती एथिक्स कमिटीपुढे जायच्या आधी जास्तीत जास्त लोकांच्या नजरेखालून जावी, असं वाटतं.

आपल्याकडे या लोकांच्या आरोग्यावर जे काम झालं, ते मुख्यतः एचआयव्हीच्या अंगाने झालं. त्याला कारणही तसंच होतं. १९९२ मध्ये नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) आली, त्याच वर्षी भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, आणि पुढे निधी त्याच वाटेने येत राहिला. त्या कामाने जीव वाचले, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यातून झालं असं, की समलिंगी पुरुष फक्त रक्ततपासणीपुरता आठवतो, ट्रान्स बाई कंडोमवाटपापुरती, आणि लेस्बियन बाईची तर कुठे नोंदच नाही. यांनाही मधुमेह होतो, यांचेही गुडघे दुखतात, म्हाताऱ्या आईबापांचं करावं लागतं. त्याबद्दल विचारायला फारसं कुणी जात नाही.

अमेरिकेतले संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये 'अल्पसंख्याक ताण' ही मांडणी केली. ती थोडक्यात अशी, की समलिंगी असल्यामुळे कुणी आजारी पडत नाही, आजारी पाडतं ते भोवतालचं वागणं. टोमणे, मारहाण, नोकरी जाणं हा त्यातला बाहेरचा भाग. आतला भाग जास्त चिवट असतो. कुणाला कळेल का ही धास्ती, लपवण्याची कसरत, आणि लहानपणापासून कानावर पडलेलं खरं मानून आलेला स्वतःचाच तिटकारा. सोमवारी ऑफिसात 'शनिवार-रविवार काय केलंस?' याचं उत्तर बदलून देणारा माणूस कुणाला काय सांगितलंय याचा हिशेब दिवसभर डोक्यात ठेवत असतो.

माझी विनंती इतकीच: डॉक्टरकडे, दवाखान्यात, घरी आजारपणात तुम्हाला काय विचारलं गेलं, काय विचारायला हवं होतं, ते लिहा. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं नकोत. स्वतःची ओळख पटेल असं काही लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

ताकभात

विषयाला विरोध नाही, आधीच सांगतो. पण ताण कुणाला नाही? रोज हिंजवडीला जाऊन येणाऱ्याचाही एक अभ्यास करा की मॅडम! शिवाय ही मांडणी अमेरिकेतली. तिथली मापं इथे कशी चालतील? आणि मुळात असे लोक आहेत तरी किती?

मिसळ_विदाऊट_पाव

घ्या. पहिल्याच प्रतिसादात धागा पेटणार.

निळी_छत्री

@ताकभात, हिंजवडीहून वैतागून घरी आलात की निदान बायकोला सांगता ना, आज डोकं उठलंय म्हणून? माझा जोडीदार गेला तेव्हा ऑफिसात मी 'रूममेट वारला' असं सांगितलं. रूममेटसाठी कुठली आलीय रजा! मॅनेजर माणूस चांगला होता. म्हणाला, अर्धा दिवस जाऊन ये. वैकुंठ स्मशानभूमीत त्याचे चुलतभाऊ पुढे, मी मागे त्याच्या ऑफिसच्या लोकांत उभा. त्यानंतर कित्येक महिने रक्तदाब वर. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. मीही काही बोललो नाही, आणि मीठ कमी केलं.

मॅडम, हे विचारता आलं तर विचारा. सुतक कुणाला धरता आलं, आणि कुणाला नाही.

सदाशिव_सरासरी

किती लोक आहेत, याचं उत्तर. २०११च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' हा पर्याय होता. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. आता हा आकडा कसा जमतो ते बघा. प्रगणक दारात उभा, आतून वडील किंवा मोठा भाऊ सांगणार, "दोन मुलगे, एक मुलगी." घरातल्या ट्रान्स मुलीला कोण विचारतंय? शिवाय हा आकडा फक्त लिंगाचा आहे. समलिंगी किती, उभयलिंगी किती, हे जनगणनेत विचारलेलंच नाही.

मॅडमना माझा प्रश्न वेगळा आहे. मतदार यादीसारखी यांची यादी नाही. मग नमुना काढणार कसा? ओळखीतून ओळख काढत गेलात तर डेक्कनच्या कॅफेत बसणारी, इंग्रजी बोलणारी तरुण मंडळीच जमणार. त्यांच्या सरासरीला 'पुण्यातले एलजीबीटी' म्हणणं मला तरी पटणार नाही.

वेताळटेकडी

सदाशिवराव, दुखरी नस पकडलीत. समाजशास्त्रज्ञ हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये सुचवलेली एक पद्धत आहे. सुरुवातीची माणसं मुद्दाम वेगवेगळ्या थरांतली घ्यायची. त्या प्रत्येकाने अभ्यासात यायची मोजकीच कुपनं आपल्या ओळखीच्यांना पुढे द्यायची, म्हणजे एकाच गोतावळ्यातली गर्दी होत नाही. मग ज्याची ओळख फार त्याचं वजन कमी आणि ज्याची कमी त्याचं जास्त धरून हिशेब करायचा. तीही काही रामबाण नाही. ज्याची कुणाशीच ओळख नाही, तो कुपन आणणार कुठून? जो सगळ्यात एकटा, तोच नमुन्यातून निसटतो. म्हणूनच 'पुण्यातले इतके टक्के' असं वाक्य माझ्या अहवालात नसेल.

ताकभात, अमेरिकेचा मुद्दा रास्त आहे. तिथल्या प्रश्नावल्यांमध्ये माणूस एकटा राहतो असं जवळपास गृहीतच असतं. आपल्याकडे तिशीतला मुलगा आईवडिलांबरोबर दोन खोल्यांत राहतो, आणि त्याची झोप उडते ती स्थळं यायला लागल्यावर. आमच्या प्रश्नावलीत लग्नाच्या दबावावर स्वतंत्र भाग आहे. कांदेपोह्यांचे कार्यक्रम कितीदा टाळले, कारण काय सांगितलं, आईने जेवण सोडलं का, शेवटी होकार दिला का. हे परदेशी फॉर्ममध्ये सापडणार नाही.

निळी_छत्री, तुमचा प्रश्न घेतला. वेगळं काय बोलू?

कोथरूडची_आई

मी पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्या मुलीला पाळीचा त्रास होता. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय का?" ही म्हणाली, नाही. बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं, गोळ्या दिल्या, झालं. तेव्हा मला काही खटकलं नाही. उलट कुमारिकेला नको ते विचारलं नाही म्हणून बरंच वाटलं.

नंतर मुलीने घरी सांगितलं. तिची मैत्रीण तेव्हा बरीच वर्षं आमच्याकडे येत-जात होती, माझ्या हातच्या पुरणपोळ्या खात होती, आणि मी आपली खूश, की मुलीला जिवाभावाची मैत्रीण आहे! असो. आता कळतं, की त्या एका 'नाही'वर पुढच्या सगळ्या तपासण्या बंद झाल्या होत्या. तिने खरं सांगायचं म्हटलं तरी शेजारच्या खुर्चीत मी बसलेली.

आणखी एक. तिने सांगितल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको तिला घेऊन एका समुपदेशकाकडे गेलो होतो. ते म्हणाले, सहा महिन्यांत फरक पडेल, महागडं आहे पण करून टाका. आम्ही चार-पाच वेळा नेलंही. ती घरी येऊन जेवायची नाही. शेवटी ह्यांनीच बंद केलं.

डॉ_हडपसर

कोथरूडच्या ताई, असे 'उपचार' आज कुणी डॉक्टर करत असेल तर त्याची सरळ तक्रार करा. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी तर १९७३ मध्येच काढली होती. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ पासून हे प्रकरण लावून धरलं, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या 'कन्व्हर्जन थेरपी'ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. समुपदेशक डॉक्टर नसेल तर मात्र त्याला हा नियम लागत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे.

आता थोडी आमची बाजू. सकाळच्या ओपीडीत बाहेर बाकावर रांग लागलेली असते, एका पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात. 'लग्न झालंय का?' हा आमचा शॉर्टकट आहे, आणि तो चुकीचा आहे. अविवाहित मुलीला विचारायचं कसं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. आम्ही शिकलो तेव्हा न्यायवैद्यकाच्या पुस्तकात हा सगळा विषय 'अनैसर्गिक गुन्हे' या सदरात होता. तो वाचून पास झालेला डॉक्टर पुढे तीस वर्षं प्रॅक्टिस करतो.

प्रश्नावलीसाठी सूचना: हॉर्मोन्स घेता का, आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे नक्की विचारा. माझ्याकडे येणाऱ्या ट्रान्स मुलींपैकी बऱ्याच जणी मैत्रिणीने सांगितलेल्या गोळ्या थेट मेडिकलमधून घेतात. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हॉर्मोनचा परिणाम दाबणारी गोळी) चालू असेल तर पोटॅशियम तपासावं लागतं. इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो, वर सिगारेट असेल तर विचारायलाच नको. ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉन घेत असेल तर रक्त घट्ट होतंय का ते बघावं लागतं. आणि गर्भाशयाचं मुख शाबूत असेल तर दाढी असली तरी कॅन्सरची तपासणी करून घ्यायची. पण दाढीवाला माणूस स्त्रीरोग ओपीडीच्या रांगेत उभा राहणार कसा?

भोसरी_एमआयडीसी

मॅडम मी ट्रान्स आहे. तुमच्यासारखे खूप येऊन गेले. एक टीम आली, फॉर्म भरून घेतले, बिस्किटपुडा दिला, ग्रुप फोटो काढला, गेली. कुणाची पीएचडी झाली असेल, आम्हाला काय माहीत. आता कुणी फॉर्म आणला की आमच्या गुरू आधी विचारतात, निकाल दाखवायला कोण परत येणार त्याचं नाव सांग.

दवाखान्याचं विचारताय तर ऐका. माझ्या चेलीला डेंग्यू झाला. केसपेपर काढला तर खिडकीवरचा मुलगा हसून शेजारच्याला दाखवतोय. मग वॉर्डवरून वाद. पुरुषांच्या वॉर्डात टाका म्हणाले. नर्सबाई तेवढ्या चांगल्या, त्यांनी बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली कॉट दिली, पडदा लावून. रात्री बरोबर कोण थांबणार तर नातेवाईक पाहिजे म्हणे. मी म्हटलं मी गुरू आहे तिची, आईसारखी. गुरू हे नातं त्यांच्या कागदात नाही. शेवटी मी 'मावशी' लिहिलं.

आणि बरं काय आहे तेही लिहा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ला आमच्यातल्या काही जणींना सुरक्षारक्षक, ग्रीन मार्शल म्हणून घेतलं. पगाराची नोंद असली की भाड्याने खोली मागताना दाखवायला काहीतरी असतं. अंगावर गणवेश असला की ओपीडीत पण 'ए' म्हणून हाक येत नाही. हे आरोग्यातच धरा.

मिसळ_विदाऊट_पाव

शेवटच्या ओळीला +१००.

नारायणपेठी

अवांतर वाटेल, पण राहवत नाही. या विषयाची मराठीत चर्चा आज सुरू झालेली नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' काढत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना, अगदी समलिंगी संबंधांविषयीच्या सुद्धा, त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक बंद पडलं नाही. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला, २०११ मध्ये शहरातली पहिली प्राइड फेरी निघाली. मी तेव्हा फुटपाथवर पिशवी घेऊन भाजी आणायला निघाल्यासारखा उभा होतो. सामील झालो नाही.

माझं वय अडुसष्ट, पेन्शनर, अविवाहित. आळीतल्या लोकांच्या लेखी मी 'संसारात न पडलेला' सज्जन गृहस्थ. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमच्यासारख्यांना ३७७ कलमातून मोकळं केलं. त्या रात्री मी एकट्याने श्रीखंड खाल्लं. आता भीती पोलिसांची नाही. भीती अशी, की न्हाणीघरात पाय घसरून पडलो तर कुणाला कधी कळणार? पुतणे अमेरिकेत. मित्र होते त्यांतले काही गेले, काहींनी संसाराच्या धाकाने ओळख तोडली. तुमच्या प्रश्नावलीत तरुणांच्या नैराश्याबद्दल भरपूर असेल. आमच्यासाठी एकच प्रश्न घाला: तुमच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते?

वेताळटेकडी

काका, तुमचा प्रश्न जसाच्या तसा घेतला. 'सामाजिक आधार' मोजायला माझ्याकडे तयार मापन आहे, त्यात बारा वाक्यं आहेत. त्या बाराही वाक्यांतून मला जे कळलं नसतं, ते या एका किल्लीतून कळेल.

भोसरी_एमआयडीसी, परत कोण येणार ते सांगते. मी येईन. छापून आलेला इंग्रजी पेपर घेऊन नाही, मराठीत, तुमच्या जागेत, गुरूंसमोर बसून. त्याआधीच तुमच्यातल्या दोघी-तिघी प्रश्न ठरवायलाही हव्या आहेत, आणि त्या वेळेचे रीतसर पैसे देऊन. बजेटमध्ये ते लिहिलंय. 'सल्लागारांना मानधन कशाला?' असा शेरा एकदा आला आहे, त्यावर भांडण चालू आहे.

वॉर्डमधली_ताई

मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. 'नातेवाईक पाहिजे' यावर थोडं लिहिते, कारण निम्मी भांडणं माझ्या टेबलावर येतात.

सज्ञान, शुद्धीवर असलेल्या पेशंटच्या ऑपरेशनला संमती त्याचीच लागते. नातेवाइकाची सही ही बरीचशी रुग्णालयाची स्वतःची काळजी असते, उद्या बिलावरून किंवा मृत्यूवरून वाद नको म्हणून. मानसिक आजाराच्या बाबतीत तर कायदा फार पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १४. कुठलीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो प्रतिनिधी रक्ताचा नातेवाईक असण्याची अट नाही. जोडीदार, मैत्रीण, गुरू, कुणीही चालतं. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही, हेही आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राकडून आलेल्या दोन गोष्टी मात्र फारशा कुणाला माहीत नाहीत. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं. आणि बँकेत संयुक्त खातं काढायला, जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं. हे कागद छापून पिशवीत ठेवा. खिडकीवरच्या माणसाशी तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे सरकवलेला बरा.

@निळी_छत्री, 'नातेवाईक असतील तर काय?' हा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मलाही कळतं.

ताकभात

बराच वेळ वाचत बसलो. हिंजवडीचं मागे घेत नाही, ते ट्रॅफिक खरंच भयंकर आहे. पण मुद्दा समजला.

आता खरी शंका. समजा तुमच्या फॉर्ममध्ये कुणी लिहिलं, की जगावंसं वाटत नाही. तुमची विद्यार्थिनी काय करणार? पुढचा प्रश्न विचारणार?

वेताळटेकडी

हे विचारलंत ते बरं झालं. नैराश्य तपासायला आम्ही पीएचक्यू-९ वापरतो. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांविषयी, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. नववा प्रश्न नेमका तुम्ही म्हणता तो. तिथे 'अजिबात नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, की मुलाखत थांबते. फॉर्म बाजूला. विद्यार्थिनी थेट विचारते, आत्ताही तसं वाटतंय का, काही ठरवलं आहे का. असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे, उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो. मी किंवा माझी सहकारी फोनवर हजर असतेच, आणि ठरवून ठेवलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी वेळ मिळते. माणसाला एकटं सोडून उठायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास आणि मराठीतही. तो प्रत्येकाला देतो, उत्तर काहीही असो. इथे वाचणाऱ्यांनीही जवळ ठेवा.

अहवालासाठी आणखी एक फॉर्म भरला, यापेक्षा तो माणूस त्या रात्री घरी नीट पोचला हे महत्त्वाचं. हे मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते. दोन मुलं त्यावरून विषय बदलून गेली. ठीक आहे, हे प्रत्येकाला झेपेल असं नाही.

सदाशिव_सरासरी

आणि संमतिपत्रावर सही? सही म्हणजे नाव. नाव म्हणजे पुरावा.

वेताळटेकडी

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा ठिकाणी कमिटीच्या परवानगीने तोंडी संमती चालते. तीच मागितली आहे. अठराच्या आतल्यांना मात्र घेणार नाही. त्यांच्यासाठी सहसा पालकांची परवानगी लागते, आणि ती मागणं म्हणजे पोराचं गुपित आम्हीच घरी पोचवणं.

रोमात_कायम

हा आयडी आजच काढलाय. मी विवाहित आहे, दोन मुलं आहेत. मला पुरुषही आवडतात, हे घरी कुणाला माहीत नाही आणि सांगायचंही नाही. माझ्यासारखे तुमच्यात बसतात का? की आम्ही दोन्हीकडून बाद? घरी फॉर्म भरणं शक्य नाही. फोन बायको बघते, त्यात तिचं काही चुकत नाही.

वेताळटेकडी

बसता. उभयलिंगी विवाहित लोक आम्हाला सगळ्यात कमी भेटतात, म्हणून तुम्ही हवेच आहात. लिंक पाठवत नाही, काहीही डाउनलोड करायचं नाही. मुलाखत समोरासमोर, कॉलेजबाहेर एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत. जिन्यात कुणी भेटलंच तर वाचनालयात आलो म्हणायला मोकळे. नाव विचारत नाही, फक्त एक क्रमांक देतो. मध्येच उठून गेलात तरी कारण विचारणार नाही.

रोमात_कायम

शनिवारी दुपारी मुलाचा क्लास असतो, दीड तास मी बाहेरच थांबतो. तेव्हा चालेल का?

वेताळटेकडी

चालेल. पत्ता व्यनि केलाय, वाचून झाला की डिलीट करा.